झांबियाच्या पुड्या, बहारीनचा मुक्काम

"एकही खोकं नाही! ऐकू येतंय का कुणाला? एकसुद्धा नाही!"

बाई ओरडत होत्या आणि मी त्यांच्या स्वागताचा गुलाबांचा गुच्छ हातात धरून समोर उभा होतो. माझा अकोल्यात मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा आहे. आवाज या विषयात मला कुणी काही शिकवू नये. भर सभेत माइक बंद पडला तेव्हा नुसता घसा खाकरून मी मागच्या रांगेतल्या झोपलेल्यांना उठवलेलं आहे. पण या बाईंपुढे माझा घसा मिटला. आपटेसाहेबांच्या खिडकीतला एसीसुद्धा घाबरून बंद पडला. वीज तेवढ्यात गेली होती असं माझा भाऊ म्हणतो. म्हणू दे.

जागा म्हणजे मनामा शहरातली नईम ही जुनी वस्ती, दुसरा मजला, आपटेसाहेबांचा हॉल. हॉलमध्ये छतापर्यंत खोकी. खोक्यांत औषधं. ती सगळी फुकट, आफ्रिकेतल्या झांबिया देशातल्या एका इस्पितळासाठी जमवलेली. आणि ओरडणाऱ्या बाई कोण? तर त्याच इस्पितळात औषधांचं भांडार सांभाळणाऱ्या, श्रीमती म्वांसा. ज्यांच्यासाठी जेवण रांधलं त्यांनीच पाटावरून उठून ताट ढकलावं, असा प्रकार. काठपदराच्या साड्या नेसून आलेल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. बाई इंग्रजीत बोलत होत्या आणि हॉलमध्ये इंग्रजी सगळ्यांना येत होतं, घोटाळा तोच होता. शब्द सगळे कळत होते, बाई काय म्हणते ते कुणालाच कळत नव्हतं.

आता जरा मागे जातो, नाहीतर वाचकही त्या बायकांसारखा बघत बसेल.

माझा धाकटा भाऊ मिलिंद बहारीनमध्ये एका कारखान्यात टेक्निशियन आहे. त्यानं व्हिजिट व्हिसा पाठवला आणि मी निघालो. पिशवीत ज्वारीचं पीठ आणि आमच्या आईच्या हातचा ठेचा. विमानतळावरच्या कस्टमवाल्यानं डबा उघडला, वास घेतला आणि अशी शिंक दिली की हातातला शिक्का आपोआप माझ्या पासपोर्टवर उमटला. "यल्ला, यल्ला!" (चला, चला) म्हणत त्यानं मला डोळे पुसत बाहेर घालवलं.

बाहेर पडलो आणि चष्मा पांढरा झाला. अकोल्याच्या माणसाला उन्हाची भीती दाखवू नये, आम्ही मे महिन्यात सायकलच्या सीटवर पोळी भाजतो. पण हे ऊन वेगळं. हे ओलं. समुद्रानं वाफेचा भपारा दिल्यासारखं. पार्किंगपर्यंत जाताना मी दोन खांबांना माणूस समजून "माफ करा" म्हटलं.

"काऊन दादा, घाबरला का?" मिलिंद म्हणाला.

"मी काय लेकरू आहो? चष्मा आंधळा झाला."

त्याचं घरही नईममध्येच, आपटेसाहेबांच्या मागच्या गल्लीत. नळाचं पाणी खारट. प्यायचं पाणी विकत आणायचं, त्याला सगळे 'गोड पाणी' म्हणतात. मी साखर घातलेली असेल म्हणून उत्साहानं तांब्या लावला, तर साधंच पाणी. बहारीनमधला माझा गोंधळ तिथून सुरू झाला तो शेवटपर्यंत सुटला नाही.

चहा घेतो न घेतो तोच माझी भावजय सुजाता हिनं समोर कागदी पिशव्यांचा ढीग ठेवला. "दादा, बसल्या बसल्या एवढ्या पुड्या बांधू लागा."

"कशाच्या पुड्या?"

मग कळलं. आपटेसाहेब मूळचे पुण्याचे, अकाउंटंट. बहारीनला यायच्या आधी झांबियात तांब्याच्या खाणीच्या ऑफिसात नोकरीला होते. तिथल्या इस्पितळात औषधं नाहीत, माणसं साध्या साध्या दुखण्यांनी जातात, असं त्यांना जुन्या ओळखीतून कळलं. त्यांनी मराठी मंडळात विषय काढला आणि मिलिंदनं तो डोक्यावर घेतला. ड्यूटी संपली की हा गडी मजुरांच्या खोल्याखोल्यांतून फिरायचा. कुणी गोळ्यांची अर्धी पट्टी दिली, कुणी खोकल्याची बाटली, कुणी गावाकडून आणलेलं मलम. ज्याच्याजवळ काहीच नव्हतं त्यानं दुकानातून नवं आणून दिलं. हाजी युसूफ नावाच्या इथल्या एका व्यापाऱ्यानं जहाजाच्या कंटेनरचं सगळं भाडं स्वतःच्या अंगावर घेतलं.

पुड्यांची युक्ती आपटेवहिनींची. दर संक्रांतीला त्या वाण म्हणून देण्यासाठी अशाच पिशव्या करतात. त्यांनी बायका बसवल्या, गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीनं कापल्या आणि प्रत्येक पुडीत थोड्या थोड्या गोळ्या घातल्या. वर मोत्यासारख्या अक्षरात 'तापावर', 'पोटावर, जेवणानंतर', 'अंगदुखीवर'. आत एक चिठ्ठी: 'लवकर बरे व्हा.'

"वहिनी, झांबियात मराठी कोण वाचणार?" पुड्या न्यायला आलेल्या आपटेवहिनींना मी विचारलं.

"वाचायला कशाला हवं? दोऱ्यावरून कळेल ना. लाल दोरा ताप, पिवळा दोरा पोट."

मला पटलं. मला कुठलीही गोष्ट चटकन पटते. आमच्या धंद्यात ते लागतं.

आणि दुसऱ्या दिवशी म्वांसाबाई आल्या. त्या मुंबईला चालल्या होत्या. विमान बहारीनला बदलायचं, म्हणून मुद्दाम चार दिवस उतरल्या. वहिनींनी ओवाळलं, मी गुच्छ पुढे केला, बाई हसल्या. मग त्यांनी कौतुकानं एक पुडी उघडली, गोळ्या तळहातावर घेतल्या, उलट्यापालट्या केल्या. दुसरी उघडली. तिसरी उघडली आणि ओरडल्या. पुढचं मी सांगितलंच आहे.

वीज आल्यावर त्यांचा आवाज जरा खाली आला. "रागावू नका. पण हा कंटेनर निघता कामा नये. हाजींच्या भाड्याच्या पैशांत मला मुंबईहून एक औषध घ्यायचं आहे. एकच."

"आणि हे?" आपटेसाहेबांनी खोक्यांकडे हात केला.

"हे पोचलं तर माझं नुकसान आहे."

मिलिंद एकदम उभा राहिला. त्याला मी लहानपणापासून ओळखतो. चिडला की त्याचे कान आधी लाल होतात. "मॅडम, हे गरिबांनी दिलं आहे. आम्ही बौद्ध लोक. आमच्यात याला दान म्हणतात."

"घेणाऱ्याला नको म्हणायची मुभा आहे का तुमच्या दानात?" बाईंनी विचारलं.

मी बिस्किटांची बशी फिरवली. काही सुचलं नाही की मी खायला देतो.

ठरलं असं की शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांनी बुदैयाला हाजींच्या मळ्यावर जायचं. हाजी दोन्ही बाजू ऐकतील आणि सांगतील, पैसा भाड्याला की औषधाला. तोवर बाईंना बाजार दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाकी सगळ्यांना ड्यूटी होती आणि अर्धेअधिक त्यांच्याशी बोलत नव्हते.

मनामाच्या जुन्या बाजारात मी त्यांच्यामागे चाललो. चाललो कसला, पळालो. बाई एवढ्या उंच की गर्दीत मी कधी हरवलोच नाही. नुसतं वर बघायचं. गल्लीत एका बाजूला सोन्याची दुकानं, दुसऱ्या बाजूला हिंदी गाणी लावलेली कॅसेटची दुकानं, मध्ये हलवाई. तिथला हलवा (केशर घातलेला, रबरासारखा चिवट) एकदा दाताला लागला की तासभर माणसाला बोलता येत नाही. मी दोन तुकडे खाल्ले. म्हणून बाईंचं सगळं ऐकून घेतलं.

त्या म्हणाल्या, "मिस्टर दादा, माझ्या भांडारात एक खोली कायम कुलूपबंद असते. जगभरातून आलेल्या भेटी. वजन कमी करायच्या गोळ्या. आमच्याकडे, जिथे माणसं भुकेनं वाळतात! मुदत संपलेली सलाइनं. नावं अशा भाषेत की आम्हाला वाचता येत नाहीत. ते नीट जाळायलाही आम्हालाच खर्च. आणि वर सरकारला सांगायला गेलो, औषध द्या, तर साहेब म्हणतो, आत्ताच तर कंटेनर आला ना तुमचा?"

मी हलव्यातून हुंकार दिला.

"एड्सच्या रोग्यांना एक बुरशीचा मेंदूज्वर होतो. डोकं असं दुखतं की माणूस भिंतीवर आपटून घेतो. त्याच्यावर गोळी आहे. आमच्याकडे एकच कंपनी विकते, तिची किंमत आमच्या नर्सच्या पगारालाही परवडत नाही. तीच गोळी तुमच्या देशात किती तरी स्वस्त बनते. आम्ही काही नर्स, काही पाद्री, काही रोगी, एक संघटना केली आहे. सरकारच्या दारात बसतो. मागणी एकच, जिथे स्वस्त मिळतं तिथून घेऊ द्या. सरकार म्हणतं, आधी आणून दाखवा, मग बघू. म्हणून मला ते आणून दाखवायचं आहे."

एका औषधाच्या दुकानात शिरून त्यांनी त्या गोळीची डबी मागितली, किंमत पाहिली आणि डबी अशी हळूच परत ठेवली की जणू ती काचेची आहे.

हलवा विरघळला तसा मी विचारलं, "पण मॅडम, जिथे काहीच नाही तिथे काहीतरी बरं, नाही का?"

"तुमच्या बायकोला ताप आला तर 'काहीतरी' द्याल?"

माझ्या बायकोला कुणी 'काहीतरी' देऊन बघावंच. पण मुद्दा मला कळला नाही. कळला असं दाखवून मी मान हलवली आणि बाईंना जेवायला घेऊन गेलो.

जेवण म्हणजे मचबूस (मसाल्यात शिजवलेला भात आणि वर अख्खं मांस). परात एवढी मोठी की आमच्याकडे तिच्यात नवरा-नवरीला बसवून वरात काढली असती. मी परातीचा तळ पाहिला. बाई म्हणाल्या, पुरे करा. मी म्हटलं, अकोल्याचा माणूस ताट अर्धवट सोडत नाही. पोटानं अकोल्याचं ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत आतमध्ये ढोलपथक सुरू झालं.

"थांबा दादा," सुजाता म्हणाली आणि खोक्यातली पिवळ्या दोऱ्याची पुडी घेऊन आली. 'पोटावर, जेवणानंतर.' आत तीन प्रकारच्या गोळ्या. त्यातली लालभडक कॅप्सूल मला सगळ्यांत रुबाबदार दिसली. गिळली आणि आडवा झालो.

शुक्रवारी सकाळी मी न्हाणीघरातून जी आरोळी ठोकली ती ऐकून, मिलिंद शपथेवर सांगेल, समोरच्या मशिदीतल्या कबुतरांनी देश सोडला. सभ्य भाषेत सांगतो. नागपूरची संत्री पिळून रस काढावा, तसा रंग. आरशात पाहिलं तर घामानं बनियनवर नारिंगी डाग.

"मिलिंद! मी गेलो! माझं लिव्हर गळून चाललं!"

मिलिंद धावत आला, पाहिलं आणि पांढरा पडला. मी पडल्या पडल्या लाऊडस्पीकरच्या धंद्याची वाटणी सांगायला लागलो. सुजाता रडायला लागली. शेवटी म्वांसाबाईंना बोलावलं. माझं रडणं पाहून त्या माझ्या डोळ्यांच्या कडेला आलेल्या पाण्याकडेच निरखून बघायला लागल्या. तेही नारिंगी.

"काय खाल्लंत?"

"पोटावरची गोळी."

"नाव?"

मी सुजाताकडे पाहिलं. तिनं मिलिंदकडे. मिलिंदनं पुडीकडे. पुडीवर मोत्यासारखं अक्षर होतं, औषधाचं नाव नव्हतं. नाव कात्रीनं कापून कचऱ्यात गेलं होतं.

बाईंनी त्याच लॉटमधल्या पुड्या सोडल्या, तशीच एक कॅप्सूल शोधली, उजेडात धरली. "मरणार नाही. उद्यापर्यंत रंग जाईल. पण यांना घेऊन बुदैयाला चला."

बुदैयाचा रस्ता सुंदर. एका बाजूला जुनी खेडी आणि खजुरीच्या बागा, दुसऱ्या बाजूला नवे बंगले. मी मागच्या सीटवर, बनियनचा डाग दिसावा म्हणून शर्टाची बटणं उघडी, असा पुराव्यासारखा बसलो होतो.

हाजी युसूफ सावलीत गालिच्यावर बसले होते. समोर गहवा (वेलदोड्याची कडू कॉफी). त्यांचे वडील मोत्यांच्या व्यापारापायी मुंबईत राहायचे, त्यामुळे हाजींची हिंदी माझ्यापेक्षा अस्सल मुंबईची. "आओ भाई, बैठो. झगडा बाद में, पहले गहवा." मंडळाच्या वतीनं आपटेसाहेब बोलले. इतक्या लोकांची भावना, इतके कष्ट, वगैरे. मग बाईंनी मला उभं केलं. मी आयुष्यात हजार माणसांना स्टेजवर उभं केलं आहे, मला असं कुणी उभं केलं नव्हतं.

"या गृहस्थांनी पोट दुखतं म्हणून तुमच्या पुडीतलं एक औषध घेतलं," बाई म्हणाल्या. "त्यांनी काय घेतलं ते इथे कुणी सांगू शकेल?"

मिलिंदनं पुढे होऊन माझ्या शर्टाची बटणं लावायला घेतली.

"हे क्षयाचं औषध आहे. ते महिनोन्महिने, दुसऱ्या औषधांबरोबर घ्यायचं असतं. असं एक-एक वाटत सुटलं तर रोगाची भीड चेपते, मग ते खऱ्या रोग्यावरही चालत नाही. हे पोटाच्या पुडीत कसं आलं?"

आपटेवहिनी पुढे आल्या. चेहरा उतरला होता, पण आवाज ठाम. "मी घातलं. सासूबाईंची गोळी होती ती. शेवटच्या दिवसांत त्या जेवायच्याच नाहीत, ही गोळी सुरू झाली आणि जेवायला लागल्या. मला काय माहीत? यांनी सांगितलं, अशक्तपणावर आहे."

सगळे आपटेसाहेबांकडे बघायला लागले. ते गहव्याच्या कपाकडे बघत होते.

"आईला टीबी होता," ते म्हणाले. "घरात सांगितलं नव्हतं. लोक येणं-जाणं बंद करतात. आईलाही सांगितलं नव्हतं. कोर्स पूर्ण व्हायच्या आधी ती हार्टनं गेली, गोळ्या उरल्या."

"मी त्यांच्या ताटात जेवत होते," वहिनी म्हणाल्या. एवढंच. मग त्या गाडीपाशी गेल्या, नमुन्यादाखल आणलेलं खोकं ओढत गालिच्यापर्यंत आणलं आणि खाली बसून पुड्यांचे दोरे सोडायला लागल्या. सुजाता त्यांच्या शेजारी बसली. मिलिंदला काय करावं कळेना, तोही बसला. लाल दोरे एकीकडे, पिवळे एकीकडे. 'लवकर बरे व्हा'च्या चिठ्ठ्या वाऱ्यानं खजुरीच्या बुंध्यांपर्यंत गेल्या.

हाजींनी पायाशी अडकलेली एक चिठ्ठी उचलून बाजूला ठेवली. "सिस्टर, तुम को वो एक ही दवा चाहिए?"

"आत्ता एक. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुम्ही एकदा घेऊन द्याल. आम्हाला दर महिन्याला स्वतः विकत घेता आलं पाहिजे. तुमची मोठ्या लोकांत ऊठबस आहे. आमच्या सरकारला कुणीतरी बाहेरून सांगायला हवं."

"वो मेरे बस का नहीं," हाजी म्हणाले. "दवा का पैसा मैं देता हूँ. कंटेनर खलास (संपलं)."

बाईंनी आभार मानले. मला वाटलं आता नाचतील. नाचल्या नाहीत. परतताना मी विचारलं, "मॅडम, जिंकलात ना? मग तोंड असं का?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मागितलं एक, मिळालं दुसरं. पण जे मिळालं ते मी नाकारणार नाही." आता, मिळालेलं नाकारायचं नाही हेच तर मिलिंद पहिल्या दिवसापासून म्हणत होता! मी पुन्हा गोंधळलो. पण माझा रंग अजून पुरता गेला नव्हता म्हणून वाद घातला नाही.

त्या मुंबईला गेल्या, दोन दिवसांनी मीही निघालो. मिलिंदनं विमानतळावर माझ्या पिशवीत हलवा कोंबला आणि विचारलं, "दादा, आपलं चुकलं का रे?"

"चुकलं नाही बे. पण बरोबर काय होतं थे मले विचारू नको."

अकोल्यात परत आल्यावर मी ही गोष्ट पारापारावर सांगितली. दर वेळी परात मोठी होत गेली आणि माझा रंग जास्त भडक. लोक पोट धरून हसतात. मीही हसतो. पण मंडप बांधताना उंच शिडीवर एकटा असलो की बाईंचं ते डबी परत ठेवणं आठवतं. ज्याच्याकडे औषध नाही त्याला आम्ही आमच्याकडे उरलेलं देत होतो, आणि त्याला हवं होतं ते आमच्याकडे उरलेलं नव्हतंच. त्याला दुकानातून घेता यायला हवं होतं. इतकं सोपं असेल तर मग इतक्या शहाण्या माणसांना ते का जमत नाही, हे मला अजून उमगलेलं नाही. देणं सोपं असतं बहुतेक. देणाऱ्याला हार मिळतो, आणि मंडपाबरोबर हारांचा पुरवठाही माझ्याकडूनच होतो.

पावसाळा सरला तसा मी एसटीडी बूथवर जाऊन मिलिंदला फोन लावला. त्याला मंडळाकडून बातमी कळली असणार.

"काय रे, त्या बाईचं औषध पोचलं का?"

"पोचलं."

"मग? आता?"

"संपलं."